काळ्या खडकाचा काठ

चंद्रपूर जिल्ह्याच्या नकाशावर ज्वालामुखीचा एकही डोंगर नाही. तरीही वरोऱ्याच्या पश्चिमेला शेतात विहीर खणायला घेतली, की काळी माती संपते, मुरूम लागतो आणि त्याखाली सब्बल टणकन वाजते. तो आवाज बेसाल्टचा. हा खडक कधीकाळी अकराशे-बाराशे अंश सेल्सिअस तापमानाचा वाहता रस होता आणि तो इथे फार लांबून आला. ज्या भेगांतून हा लाव्हा जमिनीवर आला, त्यांची मोठी जाळी नर्मदा-तापीच्या खोऱ्यात आणि नाशिक-पुण्याच्या बाजूला आहेत. नाशिकपासून वरोरा सरळ रेषेत पाचशे किलोमीटरहून दूर. पश्चिमेला महाबळेश्वर-कळसूबाईकडे थरावर थर चढून डोंगरच्या डोंगर उभे राहिले. इकडे पूर्वेला लाव्हाच्या त्याच महापुराची पातळ साय पोचली आणि वर्धा नदीच्या आसपास संपली.

हा शेवट डोळ्यांनी दिसतो. वरोऱ्याकडून ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोलीकडे निघालेल्या माणसाला कुणी भूगोल सांगावा लागत नाही. आधी कापूस, सोयाबीन, तूर. मग हळूहळू माती फिकट होते, बांध्या दिसू लागतात, मामा (माजी मालगुजारी) तलाव येतात आणि बघता बघता सगळीकडे धान. काळी कन्हार कुठे संपते आणि सिहार-बरडी कुठे सुरू होते, हे शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्या सरहद्दीच्या मुळाशी दोन वेगवेगळ्या काळांतली आग आहे, हे कळायला मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. आणि ते कळले ते इथेच, काठावर. सह्याद्रीत उभे राहिले तर वर, खाली, समोर सगळीकडे काळा कातळच. लाव्हा येण्याआधी तिथे काय होते, दोन लोटांच्या मधल्या काळात काय घडले, याचा पत्ता लागणे कठीण. जिथे थर पातळ होतो, तिथे पुस्तकाची पाने कडेने उलगडतात.

ही पाने उलटणारी पहिली माणसे वेगळ्याच कामाला आली होती. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन वारला. भारताच्या महा-त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा म्होरक्या मोजमाप करत दक्षिणेतून नागपूरकडे निघाला होता. त्याच सर्वेक्षणात हेन्री व्हॉयसी हा डॉक्टर होता. त्याच्याकडे रोग्यांइतकीच दगडांची जबाबदारी होती; भारतात भूवैज्ञानिक म्हणून नेमला गेलेला तो पहिल्या काही माणसांपैकी एक. लॅम्बटनच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १८२३ मध्ये, व्हॉयसीला गाविलगडच्या डोंगररांगेत दगड झालेले शंख मिळाले. भोवती सगळा बेसाल्ट होता. पुढच्याच वर्षी व्हॉयसीही प्रवासात वारला आणि त्याचे टिपण नंतर छापले गेले.

त्या काळी बेसाल्ट आगीतून आला की पाण्यातून, यावर युरोपातल्या विद्वानांचा वाद नुकता कुठे शमत होता. जुन्या समुद्रातला गाळ थरांनी साचून हा खडक झाला, असे एका पक्षाचे म्हणणे होते. बेसाल्टच्या डोंगरात शंख सापडणे म्हणजे त्या पक्षाच्या हाती कोलीतच. पण व्हॉयसीसारख्यांनी जागेवर जाऊन पाहिले होते. शंख लाव्हाच्या पोटात नव्हते. दोन काळ्या थरांच्या मध्ये चुनखडीचा, गारगोटीचा, चिकणमातीचा पातळ थर होता आणि शंख त्या थरात होते.

मद्रासकडच्या लष्करी सेवेतला डॉक्टर जॉन ग्रँट माल्कमसन याने हा धागा पुढे नेला. हैदराबाद ते नागपूर या वाटेवर निर्मळच्या डोंगरांत आणि नागपूरच्या दक्षिणेला चिकणी इथे त्याने असेच थर शोधले. त्याचा सविस्तर निबंध १८४० मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने छापला. त्यातल्या गोगलगायींच्या शंखांना सोवर्बी या शास्त्रज्ञाने नावे दिली. एका जातीला कोलकात्याच्या जेम्स प्रिन्सेपचे नाव मिळाले. तोच प्रिन्सेप, ज्याने ब्राह्मी लिपी वाचली. ‘फायसा प्रिन्सेपाय’ हा डावीकडे वळणारा शंख पुढची शंभर-सव्वाशे वर्षे दख्खनच्या लाव्हाची ओळखखूण ठरला. या जातीची गोगलगाय गोड्या पाण्यात राहणारी. म्हणजे लाव्हाच्या दोन लोटांमध्ये इथे तळी होती, चिखल होता, पाणवनस्पती होत्या.

इथे स्टीफन हिस्लॉप येतो, आणि विदर्भाच्या भूशास्त्राला माणसाचा चेहरा मिळतो.

१८१७ साली स्कॉटलंडच्या डन्स गावी जन्मलेला हा मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. दोन वर्षांनी रॉबर्ट हंटर त्याला येऊन मिळाला. शाळा चालवायच्या, गावोगाव फिरायचे, मराठी आणि गोंडी बोलणाऱ्यांमध्ये राहायचे, हे त्यांचे रोजचे काम. १८५१ मध्ये नागपूरजवळच्या टाकळीला, ट्रॅपच्या, म्हणजे या काळ्या लाव्हा-खडकाच्या, दगडखाणीपाशी फिरताना या दोघांना पांढरा शंख असलेला दगडाचा तुकडा दिसला. तिथून त्यांच्या पायांना चाकेच लागली. टाकळीच्या त्या थरातून शंख, बिया, फळे, लाकडाचे तुकडे, कीटकांचे पंख बाहेर पडू लागले. १८५५ मध्ये दोघांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरचा जो निबंध लंडनला छापून आला, त्यात प्राणहितेकाठचे कोटा, चांद्याकडचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडचे, वाळूखडक, नागपूरचा ग्रॅनाइट आणि त्यावर पसरलेला ट्रॅप असा सगळा पट मांडलेला आहे. भूशास्त्राची पदवी नसलेल्या, सुटीच्या वेळात दगड वेचणाऱ्या दोन माणसांचे हे काम आज वाचतानाही थक्क करते.

त्या निबंधात एक मोठी चूक आहे आणि ती समजून घेण्याजोगी आहे. हिस्लॉपपुढे कोडे असे होते: खाली काळा खडक, मध्ये तळ्याचा गाळ, वर पुन्हा काळा खडक. वरचा लाव्हा तळ्यावर ओतला गेला, हे उघड होते. खालच्याचे काय? हिस्लॉपला वाटले, तोही गाळानंतरचाच. जमिनीखालून आलेला रस गाळाच्या पोटाखाली घुसला आणि तिथेच थिजला. भूगर्भात मॅग्मा असा घुसतोही, त्यामुळे कल्पना चुकीच्या दिशेने असली तरी पोकळ नव्हती. १८६७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्डने पश्चिम आणि मध्य भारतातल्या ट्रॅपवर लिहिले, तेव्हा क्रम सरळ झाला: आधी एक लाव्हा, तो थंड झाल्यावर त्याच्या खोलगट जागी तळे, तळ्यात गाळ, मग पुढचा लाव्हा. कसोटी स्वयंपाकघरातल्या माणसालाही पटेल अशी. खालून रस घुसला असता, तर गाळाचा तळ भाजला असता. इथे भाजलेला दिसतो तो गाळाचा वरचा भाग. खालच्या खडकाचा माथा जाळीदार, झिजलेला, आणि गाळ त्यावर शांतपणे बसलेला.

या जाळीतच लाव्हाची सगळी हकीकत साठलेली असते. रस्त्यासाठी फोडलेल्या गिट्टीचा एक ढीग जरी नीट पाहिला, तरी दोन प्रकारचे तुकडे वेगळे काढता येतात. एक भरीव, निळसर काळा, हातात घेतला की अपेक्षेपेक्षा जड. त्याचे कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. दुसऱ्याला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोके, कुठे वाटाण्याएवढी, कुठे करंगळी जाईल एवढी. काही भोकांत पांढरे, फिकट हिरवे स्फटिक भरलेले. खोल जमिनीखाली प्रचंड दाबाखाली मॅग्मामध्ये पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. रस वर आला की दाब उतरतो आणि सोड्याची बाटली उघडावी तसे बुडबुडे सुटतात. ते वर सरकत असतानाच वरची साय गोठते आणि बुडबुडे तिथेच अडकतात. म्हणून लोटाचा माथा सच्छिद्र आणि पोट भरीव. नंतर हजारो-लाखो वर्षे झिरपणाऱ्या पाण्याने त्या भोकांमध्ये झिओलाइट, गारगोटी, कॅल्साइट आणून भरले. नागपूरकडच्या अशाच एका हिरवट कॅल्साइटला ‘हिस्लॉपाइट’ हे नाव मिळाले.

मग पाचशे किलोमीटर वाट चालेपर्यंत हा रस थिजला कसा नाही? त्याचे उत्तर त्या सायीतच आहे. दगड उष्णतेचा फार वाईट वाहक. लाव्हाच्या वर हातभर जाडीची कातडी धरली की आतला रस जणू थर्मासमध्ये जातो. तो आतल्या आत पुढे सरकतो, कातडीला खालून उचलतो, टोकाला फोडून नवी जीभ बाहेर काढतो, तिच्यावर पुन्हा साय धरते. हवाईच्या बेटांवर आजही हे घडताना दिसते. दख्खनमध्ये तेच अजस्र प्रमाणात, जवळजवळ सपाट प्रदेशावर, घडले. लोट पूर्ण थंड व्हायला काही वर्षे लागायची. थंड होताना खडक आकसतो आणि भेगाळतो. सुकलेल्या तळ्याच्या चिखलाला भेगा पडतात तशाच, पण उभ्या आणि खोलवर. पाच-सहा बाजूंचे दगडी खांब तयार होतात ते त्यातून. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, वणी-पांढरकवडा भागात, रस्त्याच्या कामात असे खांब उघडे पडले, तेव्हा पाहायला येणाऱ्यांना ते माणसांनीच घडवलेले वाटले.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत गेले की आगीचे वयच बदलते. तिथल्या जंगलाखालचा नाइस आणि ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे. तोही मॅग्मातूनच आला, पण त्याला उघडी हवा कधी मिळाली नाही. काही किलोमीटर खोलवर, लाखो वर्षांच्या संथपणाने तो थिजला. म्हणून त्याचे कण मोठे: गुलाबी-पांढरा फेल्डस्पार, काचेसारखा क्वार्ट्‌झ, चमचमणारा अभ्रक, सगळे वेगवेगळे दाखवता येतात. बेसाल्टला घाई होती, त्यामुळे त्याच्या स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला नाही. एकाच प्रकारच्या आगीची ही दोन अपत्ये चंद्रपूर-गडचिरोलीत जवळजवळ शेजारी नांदतात, आणि एकाने कापूस पिकवला तर दुसऱ्याने धान. ग्रॅनाइटच्या जुन्या आगीने आणखीही काही ठेवले. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासनाच्या ग्रॅनाइटी खडकात तांब्याच्या शिरा आहेत.

बेसाल्ट आणि ग्रॅनाइट या दोघांच्या मध्ये कोळसा. वर्धा खोऱ्यातला कोळसा लाव्हापेक्षा वीस कोटी वर्षांनी जुना, आणि पश्चिमेकडे तो थेट ट्रॅपखाली शिरतो. १८७० च्या दशकात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली आणि १८७७ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ह्यूजने या कोळसापट्ट्याचा अहवाल लिहिला. या कामात काळ्या खडकाच्या काठाचा अंदाज फार मोलाचा होता: वर ट्रॅप दिसला म्हणून खाली कोळसा नाही असे म्हणता येत नव्हते, भोक पाडून पाहावे लागत होते. एवढ्या आगीखाली कोळसा जळून कसा गेला नाही, असे वाटते खरे. पण तेच कारण, दगड उष्णता पोचू देत नाही. लाव्हाला टेकलेला थोडासा थर भाजला, बाकी सगळे झाकणाखाली सुखरूप राहिले.

झाकणाखाली जे राहिले, त्यातला सगळ्यात मोठा ठेवा वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला आहे. लाव्हा येण्याच्या थोडे आधी, इथे लाल चिकणमातीचे सपाट मैदान होते. आज त्याच लाल मातीच्या शेतांत पृष्ठभागावर हाडांचे तुकडे आणि शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. हिस्लॉपने इथली हाडे गोळा केली. १८७९ मध्ये रिचर्ड लायडेकरने पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून डायनोसॉरच्या एका जातीला ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डाय’ हे नाव दिले. ज्या ब्लॅनफर्डने लाव्हाचा क्रम लावून दिला, त्याचे नाव त्या लाव्हाखालच्या प्राण्याला मिळाले, हा योग सुंदर आहे. १९३९ मध्ये चार्ल्स मॅटली याने इथल्या शेणगोळ्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला. पुढे कासवाच्या एका जातीला आणि एका प्रचंड सापाच्या जातीलाही पिसदुऱ्याचेच नाव लागले.

शेणगोळ्यांनी खरी कमाल २००५ मध्ये केली. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग, हबीब अलिमोहम्मदियान आणि अशोक साहनी यांनी ते गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे बारीक कण तयार होतात. पान कुजते, कण उरतात, आणि प्रत्येक कुळाच्या कणांचा आकार वेगळा. या गोळ्यांत गवताचे कण होते, तेही अनेक प्रकारच्या गवतांचे. तोपर्यंत सर्वसाधारण समज असा, की डायनोसॉर गेल्यावर बऱ्याच काळाने गवत पसरले. ‘सायन्स’ नियतकालिकात हा शोध छापून आला आणि पाठ्यपुस्तकांतली चित्रे बदलावी लागली. सहा वर्षांनी त्याच गोळ्यांतून आणखी एक गोष्ट हाती आली: भाताच्या कुळाशी नाते सांगणारे कण.

भाताचे कूळ, आणि तेही चंद्रपुरात. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतल्या वेगळ्या लोंब्या निवडून निवडून एचएमटी तांदूळ घडवला, तो हाच जिल्हा. दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध नाही, साडेसहा कोटी वर्षांचे अंतर मध्ये आहे. तरीही पिसदुऱ्याच्या लाल मातीवरून जाताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

या सगळ्याचे वय ठरायला मात्र फार वेळ लागला. हिस्लॉपने शंखांवरून थर डायनोसॉरनंतरच्या काळातले मानले. ब्लॅनफर्डने ते जुने ठरवले. १९३० च्या दशकात बीरबल साहनी यांनी ताडवर्गीय झाडांच्या अवशेषांवरून पुन्हा नवे म्हटले. शंख आणि फळे आपापली साक्ष देत राहिली आणि साक्षी जुळेनात. राजुऱ्याच्या पलीकडे, आसिफाबादजवळच्या लाव्हांमधल्या थरांतून १९८० च्या दशकात मासे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे बारीक अवशेष निघाले आणि पारडे झुकले. १९८६ मध्ये व्हिन्सेंट कूर्तियो आणि सहकाऱ्यांनी खडकात कोंडलेल्या चुंबकत्वाची आणि किरणोत्सारी मोजणीची जोड देऊन दाखवले, की दख्खनचा बहुतेक लाव्हा भूशास्त्राच्या मानाने अगदी झटपट बाहेर पडला, आणि तोही डायनोसॉरांच्या अंताच्या आगेमागे. आजच्या मोजणीनुसार बहुतांश उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दहा लाख वर्षांच्या आतच उरकला. मेक्सिकोतल्या चिक्सुलुबचा उल्काघात याच काळातला. डायनोसॉरांच्या अंतात लाव्हाचा वाटा किती आणि उल्केचा किती, यावर वाद चालू आहे.

हिस्लॉपला यातले काहीच पाहायला मिळाले नाही. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचा प्रमुख रिचर्ड टेंपल याच्याबरोबर तो बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला महापाषाणयुगीन दगडी वर्तुळे पाहायला गेला. ४ तारखेला, अंधार पडल्यावर घोड्यावरून परतताना पावसाने फुगलेल्या नाल्यात तो बुडाला. वय पंचेचाळीस. गोंड आणि इतर जमातींबद्दल त्याने केलेली टिपणे टेंपलने १८६६ मध्ये छापली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्या नावाने १८८३ मध्ये उभे राहिले. तिथे शिकून गेलेल्या हजारोंना त्याच्या शंखांची माहिती असेलच असे नाही.

मरण्यापूर्वी तीन वर्षे, १८६० मध्ये, त्याने एक निबंध लिहिला होता. त्यात नागपूरचे शंख आणि गोदावरीच्या मुखाजवळच्या राजमहेंद्रीचे शंख शेजारी ठेवले होते. तिथेही, मुख्य ट्रॅपपासून शेकडो किलोमीटर तुटून पडलेला काळ्या खडकाचा एक लहानसा तुकडा होता आणि त्यातही तसाच गाळ मध्ये अडकलेला. हिस्लॉपने दोन्हींचे नाते ओळखले. सांगायला पुरावा फक्त शंखांचा.

दीडशे वर्षांनी, २००८ मध्ये, स्टीफन सेल्फ आणि सहकाऱ्यांनी त्या तुकड्याचे रसायन तपासले. राजमहेंद्रीचा लाव्हा महाबळेश्वरकडच्या वरच्या थरांशी मूलद्रव्यामागून मूलद्रव्य जुळला, चुंबकत्वही जुळले. त्यांचे अनुमान असे, की पश्चिमेकडून निघालेले लोट प्राचीन नदीखोऱ्यांतून सुमारे हजार किलोमीटर वाहत थेट बंगालच्या उपसागरापर्यंत गेले; पृथ्वीवर ठाऊक असलेल्या सगळ्यात लांब लाव्हांपैकी हे. तसे असेल तर आज जिथे काळ्या खडकाचा काठ दिसतो, तो मूळचा काठ नव्हे. साय अजून पुढे होती, पावसापाण्याने झिजून गेली. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याशी, प्राणहिता गोदावरीला मिळते. तिथे आता वाळूखडक आणि दगड झालेले वृक्ष आहेत, बेसाल्ट नाही. पण ती वाट राजमहेंद्रीकडेच जाते.

आणि राजमहेंद्रीजवळच्या गौरीपट्टणमच्या खाणींत त्या लाव्हाची आजही गिट्टी फोडली जाते, वरोऱ्यात फोडतात तशीच.